लहानपणीच्या आघातातून सावरणाऱ्या प्रौढांसाठी ग्रुप थेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रुप सुरू होण्याआधी प्रत्येकाशी एकदा तरी स्वतंत्र भेट होते. त्या भेटींत लोक जे विचारतात तेच इथे आहे. काही प्रश्न फोनवर येतात, काही समोर बसल्यावर, आणि काही निघताना दारात, चपला घालता घालता. दारातले प्रश्न सहसा सगळ्यात खरे असतात, म्हणून ते आधी घेतले आहेत. मी मानसतज्ज्ञ आहे, प्रौढांचे मराठीतून चालणारे ग्रुप घेते. उत्तरं त्या अनुभवातून दिली आहेत.

आत्ता या क्षणी जीव नकोसा झाला असेल, तर हे पान नंतर वाचा. आधी १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.

सगळ्यांसमोर मला काय झालं ते सांगावं लागेल का?

नाही. सगळ्यात जास्त लोक याच भीतीनं येत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या ग्रुपमध्ये सुरुवातीचे बरेच आठवडे घटनेचे तपशील सांगायला चक्क मनाई असते. कोणी, कधी, कुठे, कशानं हे काहीच नाही. ‘घरात मार होता, आणि आजही साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की हाताला घाम सुटतो’ एवढं वाक्य पुरतं. त्यातला दुसरा अर्धा भाग आमच्या कामाचा. तपशील ऐकून आजूबाजूच्या सात जणांच्या जखमा उघड्या पडू शकतात. आणि जो भडाभडा सगळं सांगून मोकळा होतो, तो त्या रात्री घरी जाऊन ‘मी हे काय बोलून बसलो’ म्हणून तळमळतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, शेवटी लोकांशी पुन्हा जोडलं जाणं. टप्पे इतके सरळ रेषेत जात नाहीत हे त्यांनीही सांगून ठेवलंय, पण पहिला वगळून दुसऱ्यावर उडी मारायची नाही, हे आजही बहुतेक जण पाळतात. तपशिलांचं काम करायचंच असेल तर ते वैयक्तिक सेशनमध्ये, एका माणसासमोर.

मग दीड तास करता तरी काय?

सहा ते नऊ माणसं, गोल मांडलेल्या खुर्च्या, दोन थेरपिस्ट. खुर्ची कुठली घ्यायची हे ज्यानं त्यानं ठरवायचं. दाराकडे तोंड करून बसणाऱ्या खुर्च्या आधी भरतात. सुरुवातीला प्रत्येक जण दोन वाक्यांत आठवडा कसा गेला ते सांगतो. ‘पास’ म्हटलं तरी चालतं. मग त्या दिवसाचा विषय: राग, झोप, ‘नाही’ म्हणणं, शरीर अचानक बधिर होणं, पैसे मागताना वाटणारी लाज. मन भूतकाळात ओढलं जायला लागलं तर परत खोलीत कसं यायचं, याचा सराव दर वेळी असतो. पाय जमिनीवर टेकवायचे, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, ऐकू येणारे आवाज मोजायचे. ऐकायला पोरकट वाटतं. भर लोकलमध्ये छाती धडधडायला लागते तेव्हा उपयोगी पडतं.

खरं काम मात्र विषय ठरवून होत नाही, ते मधेच घडतं. एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या ग्रुपमधलं मिसळून लिहिलंय. एक जण ट्रॅफिकबद्दल बोलता बोलता थोडा आवाज चढवून म्हणाला, ‘लोकांना अक्कलच नाही.’ कोणावर चिडला नव्हता. पण समोरची बाई एकदम गप्प झाली आणि पर्सची चेन उघडझाप करायला लागली. एकानं विनोद केला. एक जण उठून सगळ्यांना पाणी देऊ लागली. कोपऱ्यातला मुलगा घड्याळ बघायला लागला. आम्ही तिथेच थांबलो आणि विचारलं, आत्ता गेल्या मिनिटभरात प्रत्येकाच्या शरीरात काय झालं? मग कळलं, पाणी देणारी लहानपणी वडिलांचा आवाज चढला की धावत चहा टाकायची. विनोद करणारा घरातला ‘हसवणारा’ होता. आणि ज्याचा आवाज चढला, त्याला आपला आवाज असा लागतो हे आयुष्यात पहिल्यांदाच कोणी न भांडता सांगितलं.

हे एकट्याच्या सेशनमध्ये होऊ शकत नाही, कारण तिथे पाणी द्यायला उठण्याची वेळच येत नाही.

माझं काही एवढं वाईट नव्हतं. मी कोणाची तरी जागा अडवेन का?

हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. ज्यांचं खरोखर फार वाईट होतं तेही म्हणतात, किंबहुना तेच जास्त.

आघात म्हणजे फक्त मार किंवा लैंगिक अत्याचार नव्हे. रोज रात्री जिन्यावर पावलं वाजली की ‘आज किती प्यायलेत’ हे पावलांवरून ओळखणारं मूल, आईच्या आजारपणामुळे आठव्या वर्षी घर चालवणारी मुलगी, आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात मोठ्या मुलांच्या तावडीत सापडलेला मुलगा, जातीवरून वर्गात रोज अपमान सोसलेलं पोर; हे सगळं त्यात येतं. आणि जे घडायला हवं होतं पण घडलंच नाही, तेही येतं. पोटभर जेवण, चांगली शाळा, नवे कपडे सगळं होतं, पण रडलं तर जवळ घेणारं कोणी नव्हतं, अशी माणसं सगळ्यात उशिरा येतात. दाखवायला जखमच नाही असं त्यांना वाटतं.

इंटरनेटवर दहा प्रश्नांची एक चाचणी फिरते आणि लोक ‘माझा स्कोअर सहा आहे’ असं सांगत येतात. त्यामागचं संशोधन खरं आहे. सॅन डिएगोमध्ये व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणाचा दवाखाना चालवत होते आणि वजन छान उतरत असतानाच लोक उपचार का सोडतात, हे कोडं त्यांना पडलं होतं. शोध घेता घेता बालपणीचे अत्याचार समोर आले, आणि रॉबर्ट अँडा यांच्यासोबत १७,००० हून अधिक प्रौढांचा अभ्यास झाला. त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले. लहानपणची संकटं जितकी जास्त, तितका मोठेपणी हृदयविकार, नैराश्य, व्यसन यांचा धोका जास्त, असं दिसलं. पण हा आकडा लोकसंख्येबद्दल बोलतो. तुमचं निदान त्यावरून होत नाही, आणि स्कोअर दोन आला म्हणून दार बंद होत नाही.

मला फारसं आठवतच नाही. आठवायला लावाल का?

नाही, आणि लावणाऱ्यांपासून लांब राहा. संमोहन करून ‘दडलेल्या आठवणी बाहेर काढतो’ म्हणणाऱ्या माणसाकडे जाऊ नका. आठवण ही कपाटात जपून ठेवलेली फाइल नसते; सुचवण्यांमुळे न घडलेलंही घडल्यासारखं आठवू शकतं, हे संशोधनात वारंवार दिसलंय. तुम्हाला आज काय होतं, कशानं होतं, एवढ्यावर काम करता येतं.

हे आईवडिलांविरुद्ध भडकवणं नाही का? त्यांनीही खूप सोसलंय.

बहुतेक वेळा खरंच सोसलेलं असतं. मुंबईच्या गिरण्यांचा संप १९८२ मध्ये सुरू झाला, त्यानंतर हजारो कामगार देशोधडीला लागले. त्या घरांत वाढलेली माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. हातातलं काम गेलेला बाप, घरकाम धरलेली आई, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. बापानं पट्टा का उचलला हे समजायला मानसशास्त्र लागत नाही. पण कारण समजलं म्हणून पाठीवरचा वळ गेला असं होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: त्यांना पर्याय नव्हता, आणि तुम्हाला लागलं. ग्रुपमध्ये हे ‘आणि’ म्हणायला शिकण्यात बराच वेळ जातो. आपल्याकडे सवय ‘पण’ची आहे. ‘मारायचे, पण शिकवलंही त्यांनीच.’ तो ‘पण’ पहिलं वाक्य गिळून टाकतो.

आई किंवा वडील वारले असतील तर गुंता आणखी वाढतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे आपल्या हाडीमाशी खिळलंय. श्राद्धाच्या दिवशी पान वाढताना हात थरथरतो आणि घरचे म्हणतात, ‘किती प्रेम होतं वडिलांवर.’ अशा माणसाला ग्रुपमध्ये फक्त एवढंच हवं असतं की कोणी तरी ती थरथर दुसऱ्या अर्थानं वाचावी.

भडकवण्याबद्दल म्हणाल, तर घरच्यांशी संबंध तोडा असा सल्ला आम्ही देत नाही. जोडा असाही देत नाही.

माफ करावं लागतं का?

नाही. कोणी केलं तर अडवत नाही.

गणपतीला गावी जावं लागतं आणि ‘तो’ माणूस तिथे असतो. काय करू?

जुलै संपता संपता हा विषय निघतोच. काका, मामा, चुलतभाऊ, शेजारचे आजोबा, शिकवणीचे सर. लहानपणी ज्यांनी हात लावला त्यांच्या पाया पडायला आजही सांगितलं जातं. ‘अगं, वाकून नमस्कार कर’ हे चार शब्द ऐकून शरीराचं काय होतं, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना ते न सांगता कळतं.

एकच उत्तर नसतं. काही जण जात नाहीत आणि ‘सुट्टी मिळाली नाही’ म्हणून सांगतात; हे खोटं बोलणं मी तरी गैर मानत नाही. काही जण आरतीपुरते जातात आणि मुक्काम तालुक्याच्या गावी लॉजवर करतात. काही जण जोडीदाराशी आधीच खूण ठरवतात. एकीनं आरतीचं तबक हातात धरून ठेवायची युक्ती शोधली: तबक हातात असलं की वाकावं लागत नाही. आम्ही हे सगळं ग्रुपमध्ये आधी करून बघतो. कोणी आत्या होतं, कोणी काका, आणि तुम्ही ‘नको’ म्हणायचा सराव करता. पहिल्या वेळी आवाजच फुटत नाही बहुतेकांचा.

स्वतःची लहान मुलं असतील तर एक गोष्ट मात्र ठाम सांगते: त्या माणसाजवळ त्यांना एक मिनिटही एकटं ठेवायचं नाही, कोणाला काहीही वाटो.

ओळखीचं कोणी निघालं तर? आणि बाहेर कळलं तर?

ओळखीचं निघालं तर दोघांपैकी एकाला दुसऱ्या ग्रुपमध्ये जागा देतो. आधीच्या भेटीत गाव, शाळा, नोकरीचं क्षेत्र विचारतो ते यासाठीच.

गुप्ततेबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. थेरपिस्टवर ती बंधनकारक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये तो तुमचा हक्क म्हणून लिहिलाय. ग्रुपमधल्या इतर सदस्यांवर मात्र असं कायद्याचं बंधन नाही. ते लेखी कबुली देतात, आणि मोडली तर बाहेर जातात, एवढंच. म्हणून आडनाव, सोसायटीचं नाव, कंपनीचं नाव सांगू नका. ग्रुपचा व्हॉट्सॲप ग्रुप आम्ही काढत नाही. स्क्रीनशॉटला कबुली कळत नाही.

अपवाद दोन मोठे. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, किंवा आज एखादं मूल अत्याचार सोसतंय असं बोलण्यातून समजलं, तर गप्प बसता येत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं पोक्सो कायद्यानं (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) प्रत्येकावरच बंधनकारक आहे. हे कोणी पहिल्याच भेटीत सांगत नसेल तर तुम्ही विचारा.

पुरुष येतात का?

येतात, कमी येतात, आणि उशिरा येतात. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. ती मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत. पुरुष बहुतेकदा ‘बायकोनं पाठवलंय, मला राग येतो’ म्हणून येतात. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांसाठी स्त्रियांचे आणि पुरुषांचे ग्रुप वेगळे ठेवलेले बरे असतात, निदान सुरुवातीला.

आता इतक्या वर्षांनी पोलिसात तक्रार करता येते का?

येते. बालपणीच्या लैंगिक अत्याचाराची तक्रार मोठेपणीही करता येते, हे केंद्र सरकारनं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मात्र पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्याआधीच्या घटनेला त्या वेळचा दंडविधान लागतो. वकिलाचा सल्ला आधी घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या पुरुषांनाही. तक्रार करणं ही बरं होण्याची अट नाही.

तुम्ही कोणाला घेत नाही?

‘आत्ता नको’ असं काहींना सांगावं लागतं. गेल्या काही आठवड्यांत आत्महत्येचा प्रयत्न झालाय, दारू किंवा ड्रग्ज रोज चालू आहेत, भ्रम किंवा भास होताहेत, किंवा अत्याचार करणाऱ्या माणसाच्याच घरात आज राहावं लागतंय. अशा वेळी आधी ते. व्यसन असेल तर व्यसनमुक्ती केंद्र, अत्याचार चालू असेल तर आधी सुरक्षित जागा. नाकारलं म्हणून लोक दुखावतात, कारण नाकारलं जाणं त्यांच्या ओळखीचं असतं. म्हणून फोनवर नकार आम्ही कधी देत नाही, समोर बसून सांगतो, आणि पुढे कुठे जायचं तेही सांगतो.

याचा खरंच उपयोग होतो, की नुसतं दुःख वाटून घेणं?

ग्रुप उपचाराची सुरुवात मनाच्या नाही, क्षयाच्या रुग्णांपासून झाली. १९०५ मध्ये बॉस्टनच्या डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयरोग्यांचे वर्ग घ्यायला सुरुवात केली आणि एकत्र बसण्यानंच त्यांना उभारी येते असं त्यांच्या लक्षात आलं. पुढे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ इर्विन यालोम यांनी ग्रुपमध्ये नेमकं काय कामाला येतं याची यादी केली. त्यातलं एक म्हणजे ‘असं फक्त माझंच नाही’ हे कळणं. मला विचाराल तर पहिल्या महिन्यातलं निम्मं काम तेवढ्यावर होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातानंतरच्या तणाव विकारासाठी आघातावर लक्ष देणारी बोधात्मक वर्तन थेरपी (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी) सुचवली आहे, वैयक्तिक किंवा ग्रुपमध्ये, शिवाय ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं आठवणींवर काम करणारी थेरपी. दीर्घकाळ चाललेल्या आघातानंतर भावनांवर ताबा न राहणं, स्वतःबद्दल कायमची घृणा, नाती न टिकणं ही लक्षणं दिसतात. त्यांना आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आता वेगळं निदान आहे, आणि ती आवृत्ती २०२२ पासून लागू आहे. नाती न टिकणं या लक्षणावर ग्रुप चांगला चालतो. दुःस्वप्नं आणि एकाच घटनेच्या आठवणींचे झटके हा मुख्य त्रास असेल, तर मी आधी वैयक्तिक थेरपी घ्यायला सांगेन.

थेरपिस्ट पात्र आहे हे कसं ओळखायचं?

दोन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणारे बरेच आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयातलं शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषधं डॉक्टरच लिहू शकतो. समुपदेशकाला शिक्षण, आघाताच्या कामाचं प्रशिक्षण, आणि ‘तुमच्या कामावर देखरेख कोण करतं’ हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नका.

औषधं चालू आहेत. विपश्यनाही करायची आहे.

औषधं ग्रुपसाठी थांबवू नका. कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनीच. विपश्यनेबद्दल थोडं जपून. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या मौनाचा अनेकांना फायदा होतो, पण आघात ताजा असेल तर तासन् तास डोळे मिटून बसल्यावर जुनं सगळं उसळून वर येतं आणि शेजारी बोलायला कोणी नसतं. अर्जात मानसिक त्रासाबद्दल विचारलेलं असतं, तिथे खरं लिहा.

खर्च किती? विमा मिळतो का?

वैयक्तिक सेशनपेक्षा ग्रुपची फी बरीच कमी पडते. कायद्यानं मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं लागतं, पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे थेरपीचा खर्च सहसा खिशातून होतो. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. त्या नावांना लोक घाबरतात, पण बाह्यरुग्ण विभाग हा साधा दवाखानाच असतो.

आमच्या गावात असं काही नाही. किंवा मी परदेशात आहे.

मराठीतले असे ग्रुप मोठ्या शहरांबाहेर क्वचितच भेटतात. ऑनलाइन चालतं, पण अटी जास्त: बंद खोली, हेडफोन, कॅमेरा चालू, आणि संकटात फोन करायला जवळच्या एका माणसाचा नंबर. घर लहान असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून सेशन करणारे बरेच आहेत; काच वर करा एवढंच. घरात दारू होती अशांसाठी अल-अनॉनच्या मोफत सभा असतात. ती थेरपी नाही, एकमेकांना आधार आहे, तरी खूप आहे. अमेरिकेत असाल तर तिथे परवाना राज्यागणिक असतो, त्यामुळे भारतातला थेरपिस्ट तुम्हाला घेऊ शकतो का, हे आधी विचारून घ्या.

मधेच सोडावंसं वाटलं तर?

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाटतंच. आधी थोडं बरं वाटतं, मग झोप बिघडते, स्वप्नं पडतात, आणि ‘याच्यापेक्षा पूर्वीचं बरं होतं’ असं होतं. कधी ग्रुपमधल्या एखाद्याचा इतका राग येतो की त्याचं तोंड बघवत नाही. यातलं जे काही असेल ते खोलीत येऊन बोला, रागसुद्धा. तो बहुधा कामाचा असतो. तरी सोडायचंच ठरलं तर सोडा. आमची विनंती एवढीच की मेसेज टाकून गायब होऊ नका, एकदा येऊन सांगून जा. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या लहानपणी कोणी तरी न सांगता निघून गेलेलं असतं. उरलेल्या सेशनची फी परत मिळते, आणि पुढच्या ग्रुपला पुन्हा यायचं असेल तर नव्यानं भेट ठरवायची.